पालीच्या सभेतल्या अकरा टोपल्या

सांगलीला परत आल्यापासून शेजारच्या माळीवहिनी रोज विचारतात, "मुंबईकडं जाऊन आलात, काय काय बघितलंत?" मी सांगते, "सभा बघितली." त्या हसतात. त्यांना वाटतं मी टाळतेय. पण खरंच, भाईंदरला उतरून समुद्राकाठच्या पाली गावात मी जे बघितलं ती सभाच. तिच्यापायी तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून खाली उतरलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं सांगते. तीस वर्षं मी एका कार्यालयात सभांची इतिवृत्तं लिहिली. कोण काय बोललं, काय ठरलं, त्याची नोंद. आमच्याकडची रीत अशी की ठराव आदल्या दिवशी टाईप होऊन यायचा आणि सभा दुसऱ्या दिवशी भरायची. सभेत चहा, चिवडा आणि सह्या. "सर्वानुमते मंजूर" हे शब्द माझ्या हातून इतक्यांदा उतरलेत की झोपेत उठवून लिहायला सांगितलं तरी अक्षर वाकडं यायचं नाही. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची.

मग भाचीचा, मृणालचा फोन आला. ती भाईंदर पूर्वेला राहते, एका संस्थेत काम करते. "मावशी, पालीत तीन दिवस सभा आहे. लोकांनीच चालवायची. विषय लोक ठरवणार, गट लोक करणार. अध्यक्ष नाही, स्टेज नाही, हारतुरे नाहीत. फक्त गटांतलं बोलणं लिहून घेणारं कुणीतरी हवंय. येशील?"

हारतुरे नाहीत म्हटल्यावर मी बॅग भरली.

पहिला दिवस

मृणालच्या इमारतीखालचा वाणी तिच्याशी गुजराती वळणाचं हिंदी बोलतो, ती त्याच्याशी हिंदीत बोलते आणि पिशवी उचलताना दोघंही मराठीत "चला, येतो" म्हणतात. सांगलीत वाण्यानं भाषा बदलली तर आम्ही वाणी बदलू. इथं कुणाला त्याचं काहीच नाही.

पालीची गल्ली एवढी चिंचोळी की समोरून स्कूटर आली की माणसानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. मी असे पाच ओटे चढले. तिसऱ्या ओट्यावरच्या बाईनं मला पाणी दिलं आणि कुणाकडची, म्हणून विचारलं. गल्ली संपते तिथं समुद्राच्या अलीकडं मोठी मोकळी जागा आहे. तिथं बांबू रोवलेले, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून जोडीजोडीनं टांगलेले. या मांडवांना तिथं वलांडी म्हणतात. आमचं वाळवण म्हणजे कुरडया नि सांडगे, गच्चीवर एक धोतर पसरलं की भागतं. इथं गावाचं अख्खं अंगणच वाळवणाचं. वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण तासाभरात नाकानं तक्रार सोडून दिली.

सभा शेजारच्या हॉलमध्ये होती. चटयांवर गोल करून चाळीसेक माणसं बसलेली. पाली-उत्तनच्या कोळणी, जवळच्या राई गावचे काही शेतकरी, भाईंदर पूर्वेच्या सोसायट्यांतले लोक. संस्थेचे रोहित सर म्हणून तिशीतले गृहस्थ होते, बोलायला गोड. त्यांनी नियम सांगितले. ज्याला जे बोलायचंय त्यानं ते कागदावर लिहून भिंतीला लावायचं. ज्याला जो विषय आवडेल त्यानं त्या गटात बसायचं. कंटाळा आला तर उठून दुसरीकडं जायचं, कुणी रागवायचं नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तीस वर्षांत मी कंटाळलेल्या माणसाला सभेतून उठताना पाहिलं नव्हतं.

एक साठीची बाई कोरा कागद घेऊन माझ्याकडं आली. लुगडं, गळ्यात क्रूस, काखेत एक छोटी वेताची टोपली. ही फिलूबाय. "लिव गो बाय," म्हणाली. "माझा हात माशाला सरावलाय, पेनाला न्हाय."

"काय लिहू?"

"वलांडीची जागा आमची हाय, ती आमचीच र्‍हावी. येवडंच."

मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, तिनं भिंतीला लावलं. शेजारी दुसरा कागद लागला. तो सावंत वहिनींचा. त्या मूळच्या रत्नागिरीच्या, आता भाईंदर पूर्वेच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांचा विषय, "पालीच्या किनाऱ्यावर पार्किंग हवं."

रोहित सर आले, त्यांनी दोन्ही कागद काढले आणि त्या जागी स्वतःच्या हातानं लिहिलेला तिसरा लावला. "किनारी जागेचा बहुउपयोगी वापर."

"हे हो काय?" मी विचारलं.

"मावशी, दोन्ही विषय एकाच जागेचे आहेत ना. मर्ज केले."

"एक म्हणते जागा राहू द्या, दुसरी म्हणते जागा द्या. हा एक विषय झाला? उद्या चोर आणि घरमालक या दोघांचा विषय कपाट म्हणून एकत्र कराल!"

ते हसले. माझ्यासारख्या म्हाताऱ्या बायकांकडं बघून हसायचं त्यांना कुठंतरी शिकवलेलं असावं. मृणालनं मला बाजूला ओढलं. "मावशी, सांभाळून. या सभेचा अहवाल सोमवारी महापालिकेच्या बैठकीत जाणार आहे. त्या जागेवर पार्किंग करायचं की नाही ते लोकांचं मत बघून ठरवणार आहेत. आणि लोकांचं मत म्हणजे आपला अहवाल."

म्हणजे मी लिहिणार त्या कागदावर त्या बायकांची जागा उभी होती. 

दुपारी फिलूबाय मला जेवायला घरी घेऊन गेली. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. मसाला वर्षाचा करून काचेच्या बाटल्यांत ठासून ठेवतात. आम्ही कांदालसणीची चटणी बरणीत भरतो तसाच, पण चव निराळी, तिखट आत्ता लागत नाही, घोटभर पाणी प्यायल्यावर लागतं. मी आयुष्यात पहिल्यांदा बोंबील खाल्ला आणि दुसऱ्यांदा मागून घेतला.

"पावसात होड्या बंद असतात," ती वाढता वाढता म्हणाली. "तवा मी काय दगडं इकू? हे सुकवलेलं असतं म्हणून चूल पेटते. जागा गेली तर सुकवू कुठं? तुज्या डोक्यावर?"

दुसरा दिवस

सकाळी तिच्याबरोबर धक्क्यावर गेले. मासळीच्या जागेवर चप्पल घसरली आणि मी चांगली बसकण मारली. तीन बायकांनी मला उचललं आणि तिघी पोट धरून हसल्या. साडीला वास लागला तो सांगलीत दोनदा धुतल्यावर गेला.

तिथं बर्फाच्या गाडीसाठी रांग होती. रांगेत माणूस एकही नाही, नुसत्या टोपल्या, एकामागे एक. बायका पलीकडं चहा पीत होत्या.

"कुणी मध्ये घुसलं तर?" मी विचारलं.

"कशी घुसंल?" फिलूबायला माझा प्रश्नच कळेना. "टोपली ठेवली म्हंजे मानूस हाय."

आम्ही एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतो तसंच, पण आमच्याकडं रुमालावरून गळपट्टी धरेपर्यंत भांडणं होतात. इथं गाडी आली, बायका निवांत उठल्या, आपापल्या टोपलीपाशी उभ्या राहिल्या, बर्फ मोठ्या टपांत भरला गेला. एक शब्द वर नाही की खाली नाही. टप धक्क्यावर राहिले आणि टोपल्या काखेत मारून सगळ्याजणी सभेला आल्या.

गट बसला. अकरा कोळणी, सावंत वहिनी धरून सोसायट्यांतले सहा जण, राईचे भोईर काका, आणि वही घेऊन मी. बोलणं असं रंगलं की माझा हात पुरेना.

सावंत वहिनी म्हणाल्या, "अहो, आमचं पण ऐका. सोसायटीत गाडी लावायला जागा नाय, संडेला पोरांना घेऊन इथे यावं तर इथे पण नाय. आम्ही काय माणसं नाय का?"

"हाव ना मानसं," फिलूबाय म्हणाली. "पन तुमची गाडी एक दीस येते. आमचा मासा रोज सुकतो."

भोईर काकांची मिठागराची आणि भाताची जमीन होती एकेकाळी.  "आमच्या राईला बी असंच झालं," ते म्हणाले. "कागदावर सगळे तयार हुते, अन् गावात इचारलं तर एक बी तयार नव्हता. कागद जिंकला." एवढं बोलून ते तंबाखू मळायला बाहेर गेले आणि ओळखीचं कुणी भेटलं तसे तिकडंच रमले.

एवढ्यात एकीचा फोन वाजला. होड्या दिसायला लागल्या होत्या. अकराच्या अकरा उठल्या. टोपल्या जिथल्या तिथं चटईवर ठेवल्या आणि फिलूबाय म्हणाली, "येतो आमी. बोलनं ठेवा."

त्या गेल्या. दोन मिनिटांत संस्थेच्या दोन मुली आल्या, नाकाला ओढणी लावून टोपल्या उचलल्या आणि व्हरांड्यात नेऊन ठेवल्या. मी बघत होते. गुडघे आखडले होते, पाय लांब करून चोळत बसले होते. बर्फाची रांग मी सकाळीच पाहिली होती. तरी तोंडातून शब्द निघाला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

रोहित सर आले. "ओके, ज्यांना इंटरेस्ट नव्हता ते उठले. नियमच आहे आपला. जे थांबले त्यांनी क्लोज करू या." त्यांच्याकडं छापील फॉर्म होता. मुद्दे पाच, प्रत्येक मुद्दा एका ओळीत, खाली चौकट 'सहमती'. असहमतीला चौकट नव्हती. मी उलटून पालटून पाहिलं, नव्हतीच.

उरलेल्या सहा जणांचं दहा मिनिटांत ठरलं. निम्म्या जागेत पार्किंग, निम्म्या जागेत वलांडी. सगळ्यांना ते मोठं न्यायाचं वाटलं. दुसऱ्याच्या ताटातली अर्धी भाकरी उचलायची आणि अर्धी ठेवली म्हणून पाठ थोपटून घ्यायची!

आणि मी काय केलं? चौकटीत लिहिलं, "सर्वानुमते." हातानं लिहिलं हो, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. तीस वर्षांची खोड. रोहित सरांनी मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाले, "मावशी, काय सुंदर अक्षर आहे तुमचं!"

दीड तासानं बायका परतल्या. हात ओले, लुगडी ओली. त्यांच्या चटईवर प्लास्टिकच्या विषयाचा गट बसला होता. फिलूबायनं व्हरांड्यातली टोपली पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "जेवलीस का?" मी हो म्हटलं आणि तिथून पळाले. 

तिसरा दिवस

शेवटचा मोठा गोल. रोहित सर पडद्यावर काहीतरी दाखवायच्या तयारीत होते. फिलूबायनं हात वर केला.

"त्ये नको. हिनं लिवलंय ना? हिलाच वाचू दे. आमच्यात बोलनं झालं की परत बोलून दाकवतात. चुकलं तर तितंच कळतं."

तीस वर्षांत माझं इतिवृत्त कुणी वाचून दाखव म्हटलं नव्हतं. सह्या करायचे, जायचे. मी उभी राहिले. वाचत गेले. फिलूबायचं, वहिनींचं, भोईर काकांचं. बायका प्रत्येक वाक्याला "हाय", "हाय" म्हणत होत्या. मग ते आलं. "निम्म्या जागेत पार्किंग करण्यास सर्वानुमते सहमती."

"हाय" कुणीच म्हटलं नाही.

"मी कुठं व्हते तवा?" फिलूबायनं विचारलं.

"होड्या आल्या होत्या. तुम्ही गेला होता."

"माजी टोपली कुठं व्हती?"

मी वहीतून मान वर केली. 

"चटईवर होती," मी म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितली. ती उचलली तेव्हा मी बोलायला हवं होतं. हे मी खोटं लिहिलंय, बाई. चूक माझी आहे." आणि सगळ्यांसमोर त्या चौकटीवर आडवी रेघ मारली.

रोहित सरांचा चेहरा पडला. "मावशी, पण रिपोर्ट काल संध्याकाळीच मेल केलाय. आता चेंज केला तर आपलीच क्रेडिबिलिटी..."

मग मात्र माझा तोल गेला. "तीन दिवसांच्या सभेचा अहवाल दुसऱ्या दिवशी? अहो, आमच्याकडं ठराव आदल्या दिवशी लिहायचे, पण निदान लोकांची सभा अशी पाटी तरी लावत नव्हते! आणि उठून जायची मुभा तुम्हीच दिलीत ना? गेल्या तर इंटरेस्ट नाही? पोटामागं गेल्या त्या. तुम्ही गोल केलात, चटया घातल्यात, रंगीत कागद आणलेत आणि एवढं सगळं करून माणूस आहे की गेला तेवढं बघितलं नाहीत. लाज वाटायला पाहिजे. मलासुद्धा!"

सावंत वहिनी उठल्या. मला वाटलं आता ह्या माझ्यावर येणार. "मला काय माहीत त्या परत येणारयत?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं बोअर झाल्या. आमच्या गावाला पण आई अंगणात सुकट घालायची, त्यावर कोण गाडी लावेल तर ती दांडा घेऊन धावली असती. पार्किंग मला हवंय, ते लिहा. पण सर्वानुमते वगैरे काढा. माझं नाव त्यात नको."

तिथंच नवं पान घेतलं. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. अकरा जणींचा नकार. सावंत वहिनींची मागणी. होड्या आल्या म्हणून अकरा जणी उठल्या आणि टोपल्या ठेवून गेल्या, त्या असताना काही ठरलं नाही, आणि त्या नसताना जे ठरलं ते सर्वांचं नव्हे. प्रत्येक ओळ वाचून दाखवली. प्रत्येक ओळीला "हाय" आलं. मग सह्या नि अंगठे. वहिनींनी सही केली. भोईर काकांनी दोनदा वाचून केली. रोहित सर फोनवर बोलायला बाहेर गेले होते.

सोमवार

माझं परतीचं तिकीट मृणालनं पुढं ढकललं. निर्णय अजून झालेला नाही, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच शेवट गोड होईल म्हणून वाट बघायला नको. रोहित सरांचा मेल महापालिकेत पोचलेला आहे, आणि त्याच्या खाली लेखनिक म्हणून माझंच नाव आहे. पण कारकुनी करून केस पांढरे केलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, आवक शिक्का पडलेला कागद फाईलमध्ये जातो. सकाळी महापालिकेची आवक खिडकी उघडताच मी पुढं झाले. तिथली मुलगी म्हणाली, "रिपोर्ट आलाय की ऑलरेडी." मी म्हटलं, "त्यात चूक आहे आणि ती मी केलीय. हे दुरुस्तीचं पान. शिक्का आणि नंबर द्या, मी जाते." तिनं माझ्याकडं बघितलं आणि दिला. त्याची झेरॉक्स फिलूबायच्या घरी क्रुसाखाली लावलीय.

ते पान वाचून त्यांनी त्याच दिवशीच्या बैठकीत पालीच्या बायकांनाही विचारायला बोलावलं. अकराची वेळ होती. अकरा जणी वेळेवर आल्या, बाजारात टप मांडून, एका सुनेला राखणीला ठेवून. साडेअकरा झाले, बारा झाले. "बसा, बोलावतो," एवढंच उत्तर.

"मासा थांबत न्हाय गो," फिलूबाय म्हणाली. बाजार पाच मिनिटांवर होता. त्या उठल्या. बाहेरच्या दोन बाकड्यांवर ओळीनं अकरा टोपल्या ठेवल्या आणि गेल्या. मी कडेला बसले. येणारेजाणारे नाक मुरडत होते, मुरडू देत.

थोड्या वेळानं आतून शिपाई आला. "पालीचं कुणी आहे का?" त्यानं विचारलं. मग बाकड्यांकडं बघून म्हणाला, "आणि हे काय ठेवलंय? कोणाच्या ह्या?" तो वाकला आणि पहिल्या टोपलीला हात घातला.

या खेपेला मी गुडघे चोळत बसले नाही.

"हात लावू नका," मी म्हणाले. "तिथं माणसं बसलीत. आत जाऊन सांगा, अकराच्या अकरा हजर आहेत."